ध्वनीचे दान

तिबेटी मठात दीक्षा घेणाऱ्या मुलाला जी व्रते दिली जातात, त्यांतले एक अगदी स्पष्ट आहे: नृत्य, गीत आणि वाद्य यांपासून दूर राहायचे. आणि ज्या मठात हे व्रत दिले जाते, त्याच मठाच्या गच्चीवरून पहाटे दोन भिक्षू दुंगचेन फुंकत असतात. दुंगचेन म्हणजे तांब्या-पितळेची, तीन मीटर आणि कधी त्याहूनही लांब तुतारी. तिच्या नळ्या एकात एक सरकवून ठेवता येतात आणि फुंकताना तिचे तोंड जमिनीवर टेकवावे लागते. आत सभागृहात सनईच्या कुळातली ग्यालिंग, दांडीवर उभे केलेले ढोल, शंख, घंटा आणि दोन तऱ्हेच्या झांजा. व्रत मोडले म्हणून कोणाला खंत नाही, कोणी प्रायश्चित्तही घेत नाही. इतके वाद्यमय धर्मजीवन बौद्ध जगात इतरत्र क्वचितच सापडेल, आणि ते जगणारे लोक आपण विनयाचे, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांचे, पालन करतो असेच मानतात. याला दुटप्पीपणा म्हणून मोकळे होता येईल. मला तसे वाटत नाही. या विसंगतीमागे संगीताविषयीचा एक पुरता विचार आहे, आणि तो नीट समजून घेतला तर तिबेटी संगीताचे 'पवित्र' आणि 'ऐहिक', 'पारंपरिक' आणि 'आधुनिक' असे जे कप्पे आपण सहज पाडतो, ते चुकीच्या जागी पडलेले दिसतात.

आधी निषेधाचेच बोलू. तिबेटने स्वीकारला तो मूलसर्वास्तिवादी विनय. पण संगीताविषयीची बुद्धांची भूमिका सविस्तर वाचायला मिळते ती पाली ग्रंथांत. भिक्षू धर्मवचने लांबण लावून, गाण्याच्या थाटात म्हणू लागले, तेव्हा बुद्धांनी त्यातले पाच दोष सांगितले. म्हणणारा स्वतःच्याच आवाजावर लुब्ध होतो. ऐकणारेही आवाजावर लुब्ध होतात. गृहस्थ नावे ठेवतात की हे तर आपल्यासारखेच गातात. स्वर सजवण्याच्या नादात समाधी मोडते. आणि पुढच्या पिढ्या तेच गिरवतात. ही यादी बारकाईने पाहावी. ध्वनी मुळात अपवित्र आहे असे तिच्यात कोठेही नाही. सगळा रोख आहे तो ध्वनी कोणाच्या पदरात पडतो आणि तेथे काय करतो यावर. अवंतीहून आलेल्या सोण कुटिकण्णाने पहाटे जेतवनात अट्ठकवग्ग सस्वर म्हटला तेव्हा याच बुद्धांनी त्याच्या म्हणण्याची तारीफ केली. सक्कपञ्ह सुत्तातला प्रसंग तर आणखी बोलका. इंद्राला बुद्धांची भेट हवी असते, पण ते गुहेत ध्यानाला बसलेले. म्हणून तो पंचशिख गंधर्वाला पुढे धाडतो. पंचशिख बेताच्या अंतरावर उभा राहून वीणा छेडतो आणि गातो काय, तर आपल्या प्रेयसीवरचे शृंगारगीत, ज्यात मधूनमधून बुद्ध आणि अर्हत यांचे दाखले पेरलेले. बुद्ध रागावत नाहीत. तारेचा आवाज आणि गळ्याचा आवाज एकमेकांवर कुरघोडी करत नाहीत असे म्हणून ते त्याला विचारतात, हे तू कधी रचलेस? कोणी म्हणेल की गंधर्वाने व्रत घेतले नव्हते, त्याला सगळे माफ. खरे आहे, पण व्रत बुद्धांच्या बाजूला होते, आणि ऐकणे त्यांनी टाळले नाही. ऐकूनही लुब्ध न होणारा श्रोता असू शकतो, एवढे त्यातून निघते.

तिबेटी परंपरेने हाच धागा पुढे नेला. तिने विचारले की असा श्रोता समोर असेल, तर त्याच्यापुढे वाजवलेला ध्वनी काय म्हणावा? उत्तर आले: दान. तिबेटी घरातल्या किंवा मठातल्या देव्हाऱ्यापुढे पाण्याच्या सात वाट्या ओळीने मांडलेल्या असतात. पूजेतले उपचार मात्र आठ आहेत, आणि ते मराठी घरात कोणालाही ओळखीचे वाटावेत: अर्घ्य, पाद्य, पुष्प, धूप, आलोक, गंध, नैवेद्य आणि आठवा शब्द, म्हणजे ध्वनी. आठव्याला वाटी नाही, कारण ध्वनी वाटीत ठेवता येत नाही. पूजेत ही संस्कृत नावे तिबेटी उच्चारांत एकामागून एक घेतली जातात, प्रत्येक नावाला हातांची मुद्रा होते, आणि शेवटचे नाव येताच घंटा, डमरू, झांजा, ढोल, तुताऱ्या एकदम उसळतात. नवख्या माणसाला तो गोंगाट वाटतो. विधीच्या हिशेबाने तो आठवा उपचार असतो, फुलाच्या नि दिव्याच्या रांगेतला. झांजांचे दोन प्रकार असतात तेही यासाठीच. मोठ्या घुमटीची, आडवी धरून वाजवायची रोलमो उग्र देवतांसाठी. लहान घुमटीची, उभी धरायची सिल्न्येन शांत देवतांसाठी. कोणते वाद्य केव्हा वाजायचे हे ठरते ते घेणारा कोण आहे यावरून. वाजवणाऱ्याच्या आवडीला तेथे थारा नाही आणि दाराशी बसलेल्या भाविकांच्या आवडीलाही नाही. शिवाय पूजेतले उपचार दोन तऱ्हांचे मानले जातात, प्रत्यक्ष मांडलेले आणि मनाने निर्मिलेले. म्हणजे त्या क्षणी कानांवर पडते ते अर्पण केलेल्या संगीताचा एक हिस्सा. उरलेले वाजवणाऱ्याने मनात उभे करायचे असते, आणि ते ऐकायची सोय कोणत्याही श्रोत्याला नाही.

या विचाराचे टोक पाहायचे तर माचिग लाबद्रोन या अकराव्या-बाराव्या शतकातल्या योगिनीच्या नावाने चालत आलेली छ्यो साधना पाहावी. साधक स्मशानात किंवा ओसाड, भयाण जागी एकटा जातो. उजव्या हातात डमरू, डाव्यात घंटा. माणसाच्या मांडीच्या हाडापासून केलेली कांगलिंग ही तुतारी फुंकून तो देवांना आणि भुताखेतांना आमंत्रण देतो, आणि मग स्वतःच्या देहाचे तुकडे करून त्यांना वाढल्याची कल्पना करतो. हे सगळे गाऊन करायचे असते, आणि चाली सुरेल आहेत, ओढ लावणाऱ्या आहेत. पण श्रोते कोण, तर ज्यांची भीती वाटते ते. आणि दिले जाते काय, तर ज्याच्यावर सर्वांत जास्त ममत्व असते ते. पाच दोषांतला पहिला दोष होता गाणाऱ्याचे स्वतःवर लुब्ध होणे. येथे गाणाराच पानात वाढला जातो आहे. निषेधाला पळवाट काढायची असती तर इतक्या टोकाला जाण्याची गरज नव्हती.

मात्र 'दान' म्हटले की प्रश्न सुटला असे नाही. देण्यातही मीपणा असतो, कदाचित जास्तच असतो. देवळाच्या पायऱ्यांवर नावे कोरणारे देतच असतात. महायान विचार हे ओळखून आहे. दान शुद्ध केव्हा, तर देणारा, दिलेली वस्तू आणि घेणारा या तिन्हींना स्वतःचे असे कायमचे अस्तित्व नाही हे जाणून ते दिले जाते तेव्हा. याला त्रिमंडल-परिशुद्धी म्हणतात. आता या तिन्हींतल्या मधल्या वस्तूकडे पाहू. फूल वाहिले तरी संध्याकाळपर्यंत टिकते, सोने पिढ्यान्पिढ्या. ध्वनी देता देताच संपतो. बौद्ध तर्कशास्त्रात अनित्यतेचे ठरलेले उदाहरण आहे तेच मुळी ध्वनीचे: शब्द अनित्य आहे, कारण तो उत्पन्न केलेला आहे. मीमांसकांच्या नित्य शब्दाविरुद्ध भारतात शतकानुशतके लढवले गेलेले हे अनुमान आजही तिबेटी मठांच्या वादांगणात पोरे टाळ्या वाजवत, पाय आपटत एकमेकांवर फेकतात. एकाच मठाच्या अंगणात ध्वनी क्षणिक असल्याचे सिद्ध होते आहे आणि आत तोच ध्वनी वाहिला जातो आहे, हे मला नुसता योगायोग वाटत नाही. जी वस्तू दिल्यावर ना देणाऱ्याकडे उरते ना घेणाऱ्याकडे साठते, ती अशा दानाला सर्वांत सोयीची. धर्मग्रंथ एवढ्या शब्दांत हे सांगत असोत वा नसोत, दोन्ही गोष्टी शिकणाऱ्या भिक्षूला ती सांगड घालायला वेळ लागत नसावा.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: हा सगळा नंतरचा खुलासा आहे. वाद्ये आली ती राजदरबारांतून, भारतीय तंत्रपूजेतून, पश्चिमेकडच्या शेजारी मुलखांतून. मठांना ती आवडली, आणि मग पंडितांनी त्यांना तत्त्वज्ञानाचे वस्त्र नेसवले. उगमाबद्दल मी वाद घालणार नाही. ग्यालिंग पश्चिमेकडून आली हे तिच्याकडे पाहूनच कळते. पण उगम कोठला यावरून आजचा अर्थ ठरत नाही. तो ठरतो वापरावरून, आणि वापराचा पुरावा गायनाच्या घडणीतच आहे. यांग या मंत्रगायनाच्या सर्वांत भारदस्त प्रकाराची स्वरलिपी म्हणजे कागदावर चढत-उतरत, वळसे घेत जाणारी एक रेषा. एकेक अक्षर इतके लांबवले जाते, आणि मध्ये इतकी निरर्थक अक्षरे घातली जातात, की ज्याला पाठ आहे त्यालाही शब्द ऐकून ओळखता येऊ नयेत. समोरच्या माणसाला रिझवायचे असते किंवा उपदेश करायचा असता, तर असे कोणी गायले नसते. ज्याला शब्द आधीच ठाऊक आहेत अशा कोणासाठी ते गायले जाते, असे मानले तरच ही घडण समजते.

ग्युमे (स्थापना १४३३) आणि ग्युतो (१४७४) या दोन तांत्रिक विद्यापीठांची गायकी याचे ठळक उदाहरण. गळा इतका खाली नेलेला की तो माणसाचा वाटू नये, आणि त्याच आवाजावर तरंगणारा एक दुसरा, पातळ, उंच स्वर. १९६४ मध्ये धर्मांचे अभ्यासक ह्यूस्टन स्मिथ यांनी हिमाचलात निर्वासित म्हणून राहत असलेल्या ग्युतो भिक्षूंचे ध्वनिमुद्रण केले. एकच भिक्षू एका वेळी स्वरांचा मेळ उमटवतो हे त्यांनी अमेरिकेत सांगितले तेव्हा ध्वनिशास्त्रज्ञांना ते तपासून पाहावेसे वाटले, आणि १९६७ मध्ये त्यांच्यासह लिहिलेला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मूळ स्वराचा पाचवा आणि दहावा उपस्वर तेथे विशेष बलवान असतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो हाच पाचवा उपस्वर. दहावा म्हणजे त्याच्या वरच्या सप्तकातला गंधार. आपल्याकडे तो तारेतून आपसूक निघतो आणि गवई त्यावर खूश होतो. ग्युतोत तो वर्षानुवर्षांच्या मेहनतीने गळ्यातून काढला जातो, आणि काढणाऱ्याने त्यावर खूश व्हायचे नाही, असा दंडक. एवढी मेहनत करून मालकी सोडायची, ही अट निषेधापेक्षा अवघड आहे असे मला वाटते.

दुसरा आक्षेप परंपरेच्या आतला, आणि तो तिबेटी लोकांनीच घेतला आहे. गाण्याची मोकळीक दिली की तिच्याआडून काहीही आत शिरते. १०४२ मध्ये भारतीय आचार्य अतीश तिबेटात आले तेव्हा सिद्धांचे दोहे शिकवण्याची त्यांची तयारी होती, पण शिष्य द्रोमतोन यांनी त्यांना थोपवले, असे तिबेटी इतिहासग्रंथ सांगतात. लोक ते शब्दशः घेतील आणि आचार बिघडेल, ही धास्ती. त्यानंतरच्या पिढीत योगी मिलारेपा झाले आणि त्यांनी नेमके गाण्यालाच शिकवणीचे साधन केले. त्यांच्या चरित्रातला तरुणपणाचा प्रसंग विसरण्यासारखा नाही. काकाने इस्टेट लुबाडलेली, आई हालअपेष्टांत. मुलगा मेजवानीत पिऊन गात गात घराकडे येतो. जव भाजत बसलेली आई तो आवाज ओळखते, हातातले टाकून धावते, त्याच्या तोंडावर राख फेकते आणि काठीने मारते: आपल्या घराची ही दशा आणि तुला गाणे सुचते? पुढे मुलाच्या हातून जादूटोण्याने माणसे मरतात, मग पश्चात्ताप, मग मारपा गुरूंकडची कठोर तपश्चर्या, आणि शेवटी गुहेतला साधू पुन्हा गाऊ लागतो. गळा तोच, गावठी चालीही त्याच. ज्यांना गाण्याचा बाजच पापी वाटतो त्यांनी सांगावे की दोन गाण्यांत फरक कशाचा. मिलारेपांची गाणी पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्सांगन्योन हेरुका यांनी संकलित केली. आईने मारलेला तो प्रसंग त्याच संकलकाने लिहिलेल्या चरित्रात आहे, आणि लिहिताना त्याने तो गाळला नाही.

द्रोमतोन यांची धास्ती मात्र निकालात निघाली असे म्हणता येत नाही. तिला तोंड द्यायचे तर गाण्याला शिस्त लावणे हा एक मार्ग, आणि तो साक्य पंडितांनी (११८२–१२५१) घेतला. त्यांनी संगीतावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. स्वर, पदरचना आणि दोहोंचा मेळ असा त्याचा आवाका. मराठी वाचकाला येथे थोडे थबकावेसे वाटेल, कारण साधारण त्याच काळात देवगिरीच्या यादव दरबारी शार्ङ्गदेव 'संगीतरत्नाकर' लिहीत होता. शार्ङ्गदेवाचे घराणे काश्मीरचे, आणि साक्य पंडितांचे एक गुरू शाक्यश्रीभद्र हेही काश्मीरचे. यापलीकडे धागा जोडण्याचा मोह मी आवरतो. पण दोन्ही ग्रंथांमागे एक समान समज आहे: संगीत हे शास्त्र आहे, त्यामुळे त्यात चूक-बरोबर असते, आणि जेथे चूक-बरोबर असते तेथे 'माझा भाव शुद्ध आहे' एवढ्या सबबीवर सुटता येत नाही.

आता आजच्या काळाकडे वळू, जेथे हा विचार खऱ्या अर्थाने कसाला लागतो. १९५९ मध्ये दलाई लामा आणि त्यांच्यामागे हजारो लोक भारतात आले. त्याच वर्षी कलिंपोंग येथे निर्वासितांनी संगीत-नाट्याची संस्था काढली. रस्त्याच्या कामावर राबणाऱ्या समाजाने पोटाची भ्रांत असताना आधी ऑपेरा वाचवायला घ्यावा, हे नोंदवण्यासारखे आहे. पुढे ती धरमशाळेला गेली आणि आज 'तिपा' या नावाने ओळखली जाते. ग्युतोचे भिक्षू पुढे अमेरिकेत रंगमंचावर गायले आणि 'ग्रेटफुल डेड' या रॉक बँडचा ड्रमवादक मिकी हार्ट त्यांचा निर्माता झाला. हिमाचलातल्या शेरबलिंग मठाच्या मंत्रगायनाला २००४ मध्ये ग्रॅमी मिळाले. २०२० मध्ये, पंच्याऐंशीव्या वाढदिवशी, खुद्द दलाई लामांचा मंत्र आणि बोधवचनांचा संगीतबद्ध अल्बम 'इनर वर्ल्ड' निघाला. येथे टीकाकार म्हणतो की दान संपले, दुकान सुरू झाले. तिकीट आले, टाळ्या आल्या. घेणारा देव होता, आता खुर्चीतले गिऱ्हाईक आहे.

पैशाच्या मुद्द्याने मी फारसा विचलित होत नाही. ल्हामो या तिबेटी ऑपेराची परंपरा आपला उगम ज्यांच्याकडे नेते ते थांगतोंग ग्याल्पो पंधराव्या शतकात नद्यांवर लोखंडी साखळ्यांचे पूल बांधत फिरले. पुलांसाठी पैसा आणि लोखंड हवे म्हणून त्यांनी सात बहिणींना नाचायला-गायला उभे केले, अशी कथा आहे. म्हणजे गाऊन निधी गोळा करणे हे काही कॅलिफोर्नियाने तिबेटला शिकवलेले नाही. प्रश्न पैसा जातो कोठे हा, आणि त्याहून अवघड प्रश्न कीर्ती कोठे जाते हा. काठमांडूत जन्मलेल्या आनी छोइंग डोल्मा यांचे उदाहरण या दोन्ही प्रश्नांच्या मधोमध उभे आहे. लहानपणी नागी गोम्पा मठात भिक्षुणी झालेल्या या बाईंनी १९९७ मध्ये अमेरिकन गिटारवादक स्टीव्ह टिबेट्स यांच्यासह अल्बम केला. त्याचे नावच 'छ्यो'. स्मशानातले गाणे स्टुडिओत आले. पुढे त्या नेपाळी गाणी गाऊ लागल्या, घराघरांत पोहोचल्या, कोक स्टुडिओत ए. आर. रहमान यांच्याबरोबरही गायल्या. त्या मिळकतीतून भिक्षुणींसाठी आर्य तारा शाळा उभी राहिली आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी काम सुरू झाले. भिक्षुणीने सिनेतारकेसारखे मंचावर उभे राहावे काय, असे विचारणारे पाच दोषांतला तिसरा दोष, गृहस्थांनी नावे ठेवण्याचा, अगदी बरोबर ओळखतात. शाळा बांधल्याने तो दोष खोडला जात नाही. पहिला दोष, स्वतःच्या आवाजावर लुब्ध होणे, त्यांच्या मनात आहे की नाही हे बाहेरून कोणी कसे सांगावे? व्रत हे ज्याने घेतले त्याने स्वतःला लावायचे माप असते. शेजाऱ्याला मोजण्यासाठी ते कधी बनवलेच नव्हते. माझी कुरकुर वेगळ्याच ठिकाणी आहे. आनींच्या गाण्यात छ्योची चाल गिटारवर गेली तरी पूर्ण गायली जाते. मठांच्या परदेशवाऱ्यांत मात्र पुष्कळदा तासन्‌तास चालणारा विधी पाच-सात मिनिटांच्या नमुन्यांत कापून मांडला जातो. आठवा उपचार राहतो आणि आधीचे सात जातात. गिटारने जेवढे बिघडत नाही तेवढे या कात्रीने बिघडते.

राहिला ध्वनिमुद्रणाचा प्रश्न, जो वरवर तांत्रिक दिसला तरी तसा नाही. ध्वनी टिकत नाही म्हणून तो दानाला योग्य, असे मी वर म्हटले. मग टिकवलेल्या ध्वनीचे काय? १९९३ मध्ये ल्हासाच्या द्रापची तुरुंगात चौदा भिक्षुणींनी चोरून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर आपली गाणी मुद्रित केली. शांततामय निदर्शने केल्याबद्दल त्या आत होत्या. बहुतेक तरुण, काही तर जेमतेम वयात आलेल्या. गाणी घरच्यांसाठी आणि बाहेर आपली आठवण ठेवणाऱ्यांसाठी होती: मारहाण होते, पण आम्ही मोडलेलो नाही, दलाई लामांना दीर्घायुष्य लाभो. टेप बाहेर पोहोचली. प्रत्येकीची शिक्षा पाच ते नऊ वर्षांनी वाढली. फुन्त्सोग न्यिद्रोन यांची नऊ वर्षांची सतरा झाली. येथे ध्वनी टिकवला गेला तो गाणाऱ्यांकडे काही राहावे म्हणून नव्हे. त्यांच्याकडे राहिली ती वाढीव वर्षे. दिले ते पूर्ण दिले, आणि त्याची किंमत आधीच ठाऊक असताना दिले. वाद्ये नाहीत, लोकचालीत बसवलेले साधे शब्द, ना यांगची रेषा ना सिल्न्येन. तरीही दान हाच जर तिबेटी धर्मसंगीताचा निकष असेल, तर ग्रॅमी मिळवणाऱ्या मंत्रगायनापेक्षा ही टेप त्या निकषाला अधिक उतरते, असे म्हणणे मला भाग आहे.

यावरचा आक्षेप सर्वांत जड आहे आणि तो बौद्ध आहे. देश हीही आसक्तीच. भिक्षुणी स्वातंत्र्याची गाणी गाते तेव्हा ती 'माझे' आणि 'त्यांचे' ही रेघ अधिक गडद करते. त्याला दान कसे म्हणावे? ज्यांना हे पटते त्यांना मी उडवून लावणार नाही. राष्ट्रगीताच्या आवेशात गायलेली अनेक निर्वासित गाणी याच खड्ड्यात पडतात, आणि स्वातंत्र्य या शब्दाला ड्रमचा ठेका दिला की ते धर्मगीत होत नाही. पण संगीताला आसक्तीचे विष म्हणणाऱ्यांनी तिबेटात दुसऱ्या बाजूने काय झाले तेही पाहावे. न्गावांग छोएफेल हा तिपात शिकलेला संगीताभ्यासक १९९५ मध्ये लोकगीते चित्रित करायला तिबेटात गेला. हेरगिरीच्या आरोपाखाली त्याला अठरा वर्षांची शिक्षा झाली आणि २००२ मध्ये तो सुटला. शेतात, लोणी घुसळताना, भिंती चोपताना म्हणायच्या गाण्यांचा राज्यकर्त्यांना एवढा धसका असेल, तर त्या गाण्यांना चिकटून राहणे ही केवळ मालकीची हाव म्हणता येत नाही. ज्याच्याजवळ काहीच उरलेले नाही, त्याने उरलेला आवाज दुसऱ्याच्या धीरासाठी वापरणे आणि ज्याच्याजवळ सगळे आहे त्याने त्यावर हक्क सांगणे, ही दोन कृत्ये एकाच शब्दात बसवण्याची घाई करू नये. द्रापचीच्या गाण्यांत गाऱ्हाणे आहे. सूड मला त्यांत दिसत नाही, आणि माझा निर्णय त्यावर अवलंबून आहे. सूड असता तर मी आक्षेपकाच्या बाजूला गेलो असतो.

याचा अर्थ प्रत्येक तिबेटी गाण्याने धर्माच्या दारात हजेरी लावावी असा नाही. ल्हासाच्या नांगमा मैफली, सहा तारांच्या द्रान्येनवर पायांनी ताल धरत म्हटलेली तोएशे गाणी, अम्दोतल्या मेंडोलिनवरची गाणी, मॅक्लोडगंजच्या जेजेआय एक्झाइल ब्रदर्स या तीन भावांचे रॉक, ही गाणी ऐकण्यासाठीच आहेत आणि त्यांनी दुसरा आव आणण्याचे कारण नाही. सहावे दलाई लामा त्सांगयांग ग्यात्सो यांची प्रेमगीते तिबेटात तीनशे वर्षे गायली जात आहेत, आणि त्यांत गुप्त तांत्रिक अर्थ शोधण्याची हौसही तितकीच जुनी. मला ती हौस अनावश्यक वाटते. या माणसाने १७०२ मध्ये आपली व्रते रीतसर परत केली आणि मग गृहस्थासारखे जगणे पत्करले. व्रत ठेवून प्रेमगीत गाण्याची मखलाशी त्याने केली नाही; गीताला गीत राहू दिले. मिलारेपांनी गावठी चालीत उपदेश घातला, त्सांगयांग यांनी प्रेमगीतात प्रेमच ठेवले, आणि दोघेही माझ्या मते प्रामाणिक.

मग सभागृहातल्या श्रोत्याचे काय, ज्याने तिकीट काढले आहे किंवा कानांत बोंडे घालून ग्युतोचे मंत्र ऐकत लोकलने चालला आहे? तो या दानाचा घेणारा नाही, हे तर ठरले. पण बौद्ध पूजाविधीने त्याच्यासाठीही जागा करून ठेवली आहे. शांतिदेवांच्या 'बोधिचर्यावतारा'त वंदन, पूजन, पापदेशना यांच्या रांगेत एक अंग आहे अनुमोदनेचे: दुसऱ्याने केलेल्या सत्कृत्यात आनंद मानणे. दुसऱ्याच्या दानाने मनापासून संतोष पावणाऱ्यालाही त्या पुण्यात वाटा मिळतो, अशी ही शिकवण. अनुमोदना करणाऱ्याला संगीत आवडले पाहिजे अशी अट नाही, समजले पाहिजे अशीही नाही; कोणी काहीतरी देतो आहे एवढे कळले की पुरे. रसिकतेपेक्षा ही वेगळी वृत्ती आहे. ती मंचावरून श्रोत्याच्या मनात भरता येत नाही, आणि तिकिटाच्या दरातही ती धरलेली नसते.